भाव नंतर, कुपी आधी

फेशियल, केसांचे स्ट्रेटनिंग आणि बोटॉक्स. लग्नसराईच्या पॅकेजमध्ये हे तिन्ही एका दमात सांगितले जाते. पहिली दोन कामे पार्लरची, तिसरे डॉक्टरचे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे विष अत्यल्प मात्रेत टोचले, की नसेकडून स्नायूला जाणारा संदेश अडतो, स्नायू सैलावतो आणि कपाळावरची आठी विरते. अमेरिकेत १९८९ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली ती तिरळेपणासाठी आणि पापण्यांच्या आकडीसाठी. भुवयांमधल्या आठ्यांसाठीची परवानगी २००२ची.

जाणत्या हातात ते पुरेसे सुरक्षित आहे. म्हणूनच भाव विचारण्याआधी टोचणाऱ्याचा वैद्यक परिषदेतला नोंदणी क्रमांक, औषधाचे नाव आणि युनिट विचारावेत. एका कंपनीचे युनिट दुसरीच्या युनिटाइतके नसते. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सची ठरलेली मात्रा २० युनिट, पाच जागी विभागून. औषध पावडरच्या रूपात येते आणि सलाइनमध्ये कालवावे लागते. म्हणजे दुधात पाणी घालण्याची सोय इथेही आहेच. ‘निम्म्या दरात’चे गणित पुष्कळदा तिथे सुटते. कुपीवरचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत पाहायला मागणे हा आगाऊपणा नव्हे. बनावट बोटॉक्स टोचून घेतलेल्यांना २०२४ मध्ये अमेरिकेत रुग्णालयात दाखल करावे लागले होते.

गरोदर, अंगावर पाजणाऱ्या किंवा मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा आजार असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे. चुकून पापणी उतरली तर ती काही आठवडे तशीच राहू शकते. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर तडक रुग्णालय गाठावे. पूर्ण परिणामाला दोनेक आठवडे लागतात, त्यामुळे हळदीच्या आदल्या दिवशी टोचून घेण्यात अर्थ नाही. आणि तीन-चार महिन्यांत आठी परत येते, तिच्यामागून बिलही.

सणासुदीला भेसळीचा खवा पकडणाऱ्या अन्न व औषध प्रशासनाने लग्नसराईत या दुकानांचे फ्रीजही उघडून पाहावेत. तोवर आपणच सावध राहावे. औषधाचे नाव विचारताच समोरच्याच्या कपाळाला आठी पडली, तर खुर्चीतून उठावे.