नकाशावरचा हिरवा रंग कुठल्या महिन्यातला?

सिव्हिलच्या पोरांना प्रोजेक्ट सुचेनासा झाला की एक विषय हमखास निघतो : अमुक नदीच्या खोऱ्याचं पाण्याचं मॉडेल. जमिनीवर शेत आहे, जंगल आहे की वस्ती, हे दाखवणारा उपग्रहाचा तयार नकाशा उतरवायचा, सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा, आलेख छापून बायंडिंग करायचं. काम फत्ते! पण परभणी जिल्ह्यात हा शॉर्टकट चालणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि जिंतूर तालुक्यात येलदरीला अडते. धरणात किती पाणी येणार हे फक्त पावसावर नाही, तर पाऊस पडला तेव्हा रानात काय उभं होतं, यावरही ठरतं. आता बांधाला बांध लागून असलेली दोन शेतं घ्या. एकात सोयाबीन, दुसरं रब्बी ज्वारीसाठी खरिपात पड ठेवलेलं. ऑगस्टमध्ये पहिलं हिरवं, दुसरं उघडं. जानेवारीत नेमकं उलटं! पावसाळ्यात ढग असतात म्हणून आपण हिवाळ्यातलं स्वच्छ चित्र घेतो आणि मॉडेलला पावसाळ्याचा हिशोब विचारतो.

फरक किती पडतो? कर्व्ह नंबरच्या पद्धतीत भारी काळ्या जमिनीला, उघडी असेल तर ९४ आणि दाट शेंगवर्गीय पीक असेल तर ८५ धरतात. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर पुस्तकातल्या सूत्राने उघड्या शेतातून ८३ आणि पिकाच्या शेतातून ६१ मिलिमीटर पाणी वाहून जातं. म्हणजे एका हेक्टरमागे २ लाख २० हजार लिटरचा फरक. दहा हजार लिटरचे २२ टँकर! उन्हाळ्यात टँकरमागे पळालेल्यांना हा आकडा समजावून सांगायला नको.

तयार नकाशे वाईट आहेत असं नाही. युरोपीय अंतराळ संस्थेचा २०२१ चा जागतिक नकाशा १० मीटरपर्यंत बारीक आहे, पण सगळ्या पिकांना त्यात एकच रंग. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचा वार्षिक नकाशा खरीप, रब्बी, दुबार, पड असं वेगळं दाखवतो; मात्र त्याचा एक ठिपका ५६ मीटरचा, म्हणजे पाऊण एकराचा. दोन एकरवाल्याच्या वाट्याला ठिपके येणार किती? ढगातून पाहणारं रडार आहे, पण त्यालाही सोयाबीन कुठलं नि कापूस कुठला हे आधी कुणीतरी जमिनीवरून शिकवावं लागतं.

ते शिकवणारी माणसं आपल्याच होस्टेलमध्ये आहेत. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, गंगाखेड, पूर्णा... प्रत्येक खोलीत एखादा तालुका सापडेल. दिवाळीला गावी गेल्यावर प्रत्येकाने २० शेतांची नोंद आणावी : मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश, एक फोटो, खरिपात काय होतं, आता काय पेरलंय. शेतात दिसत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांना गेल्या पाच वर्षांचं पाठ असतं. सर लोकांना विनंती की या नोंदींना प्रोजेक्टमध्ये गुण ठेवावेत आणि त्या विभागात जपाव्यात, म्हणजे पुढच्या बॅचला शून्यापासून सुरुवात नको.

सॉफ्टवेअर जगात कुठेही चालतं. आपल्या काळ्या रानात कधी काय पेरलेलं असतं, ते आपणच सांगायला हवं.