निवारा हवा, पण कुठे?

जनगणनेच्या पुस्तकात बेघर कुटुंबाची व्याख्या दिलेली आहे. जे लोक घरात न राहता उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, ह्यूम पाइपमध्ये, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, मांडवात किंवा रेल्वे प्लॅटफॉर्मवर राहतात, ते बेघर. आम्हा सिव्हिलवाल्यांना ह्यूम पाइप म्हटलं की आयएस ४५८ आठवतो आणि एनपी-२ की एनपी-३ हा व्हायव्हातला प्रश्न आठवतो. त्यात माणूस झोपतो हे आमच्या सिलॅबसमध्ये नाही, जनगणनेच्या सिलॅबसमध्ये मात्र आहे! २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री ही मोजणी झाली. देशात १७ लाख ७३ हजार बेघर माणसं निघाली, त्यातली २ लाख १० हजारांहून जास्त आपल्या महाराष्ट्रातली.

अशा माणसांसाठी शहरात निवारा केंद्र करणं हे नगर परिषदेचं काम आहे. २०१० साली सुप्रीम कोर्टाने अन्न अधिकाराच्या खटल्यात यावर आदेश दिले आणि २०१३ साली राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात त्याचे नियम ठरले. एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची कायमची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा, आणि केंद्र चोवीस तास, बारा महिने उघडं. आता गोंदियाचं गणित करू. २०११ मध्ये शहराची लोकसंख्या होती १,३२,८१३. म्हणजे साधारण १३३ जणांची सोय आणि ६,६५० चौरस फूट जागा. एखादी बंद पडलेली शाळा डागडुजी करून घेतली तरी भागेल. (जाता जाता, आमची खोली १० बाय १२ ची आणि आम्ही तिघं, म्हणजे माणशी ४० चौरस फूट. नियमाप्रमाणे आम्ही बेघरांपेक्षा दाटीत राहतो. रेक्टर सरांनी हे हलकेच घ्यावं, ही विनंती!)

तर जागेचा आकार ही अडचणच नाही. खरी अडचण आहे ती जागा कुठे द्यायची, याची. आणि मला भीती वाटते ती इथेच.

सरकारी जागा शोधली की ती गावाबाहेर सापडते. तिथे जमीन रिकामी असते आणि विरोध करायला शेजारी नसतात. पण आपल्या गावात रात्री उघड्यावर कोण झोपतं, ते आधी बघा. गोंदिया जंक्शन आहे. हावडा-मुंबई लाइन इथून जाते, शिवाय एक फाटा बालाघाटकडे आणि एक बल्लारशाहकडे. स्टेशनच्या एका अंगाला बाजार, दुसऱ्या अंगाला रेलटोली. रात्री अकरापर्यंत हॉटेलात भांडी घासणारा पोरगा, पहाटेच्या गाडीला ओझं मिळेल म्हणून थांबलेला हमाल, सकाळी सात वाजता मजुरांच्या ठिय्यावर उभं राहायचं म्हणून आदल्या रात्रीच आलेला खेड्यातला माणूस, भंगार वेचणारी बाई. यांचं काम इथेच, दीड-दोन किलोमीटरच्या आत. त्यांना चार किलोमीटरवर पक्की बिल्डिंग, गादी, पंखा सगळं दिलं तरी ते जाणार नाहीत. रात्री ऑटोला पैसे द्यायचे की जेवायचं? मग वर्षभराने अहवाल येईल की ‘लाभार्थी मिळत नाहीत’, आणि केंद्राला कुलूप. २०१३ च्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की केंद्र शक्यतो बेघरांच्या राहण्याच्या आणि कामाच्या ठिकाणाजवळ असावं. हा ‘शक्यतो’ फार धोक्याचा शब्द आहे.

ही अक्कल आपल्या विदर्भात नवी नाही. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या त्या पंढरपूर, नाशिक, आळंदीला, आणि मुंबईत जे.जे. हॉस्पिटलच्या जवळ. जिथे माणूस अडतो, तिथेच त्यांनी छप्पर उभं केलं. गावाबाहेर स्वस्त प्लॉट मिळतोय म्हणून नाही.

मेसमध्ये हा विषय निघाला की एक जण हमखास म्हणतो, “अरे भाऊ, फुकट मिळालं तर कायले काम करतील ते?” मी कॉन्व्हेंटचा. ‘होमलेस’ हा शब्द आम्ही इंग्रजी धड्यात शिकलो, तेव्हा डोळ्यांसमोर बर्फ आणि ओव्हरकोट यायचा. मराठीत ‘बेघर’ शब्द आहे, पण बोलताना आपण तो वापरतो कुठे? आपण सरळ ‘भिकारी’ म्हणून मोकळे होतो. वर सांगितलेल्यांपैकी भीक मागणारा एक तरी आहे का? गंमत म्हणजे कायदाही आपल्यासारखाच. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात, पोट भरायचं साधन दिसत नाही असा माणूस सार्वजनिक जागी भटकत असेल, तर तोही भीक मागणाऱ्यात धरता येतो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत डांबता येतं. दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली. ज्यांनी अशी धरपकड पाहिली आहे, ते नगर परिषदेची गाडी दिसली की पळणारच. म्हणून केंद्राच्या दारात पोलिसाची खुर्ची नको. आधार कार्ड नसेल तर आत नाही, असंही नको. उलट कार्ड आतच मिळायला हवं. ओळखपत्र, रेशन, पेन्शन, बँक खातं जोडून देणं हे केंद्राचंच काम आहे. आम्हाला सिम कार्ड घेताना हॉस्टेलचा पत्ता चालतो. त्यांना तसा एक पत्ता हवा, आणि गाठोडं ठेवायला कुलपाची पेटी.

जंक्शन असल्यामुळे आणखी एक प्रकार इथे दिसतो. कुठल्या तरी गाडीत बसून, कुठे उतरलो हे न कळणारी, मनाने हरवलेली माणसं. त्यांना नुसती गादी देऊन उपयोग नाही, डॉक्टर लागतो. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी अशा हजारो लोकांना रस्त्यावरून उचलून, उपचार करून त्यांच्या घरी पोचवत आले आहेत. त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याकडे २०१६ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या मानसोपचार विभागाचा डॉक्टर आठवड्यातून एकदा केंद्रावर आला तरी पुष्कळ.

राहिला आकड्याचा प्रश्न. १३३ हा नियमाचा आकडा झाला, गोंदियाचा खरा आकडा वेगळा असू शकतो. दिवसा मोजून तो कळत नाही. विदर्भात सगळ्यात कमी तापमान बऱ्याचदा आपल्या गोंदियाचंच असतं, तेव्हा जानेवारीतल्याच एका रात्री एनएसएसच्या पोरांनी स्टेशनच्या दोन्ही बाजू, बाजार, बस स्टँड आणि दवाखान्यांचं आवार फिरून मोजणी करावी. नाव विचारायचं नाही, फोटो काढायचा नाही, फक्त किती जण आणि कुठे. त्याचा नकाशा आम्ही सिव्हिलवाले काढून देतो आणि तो घेऊन नगर परिषदेत जाऊ. ज्यांना यायचं असेल त्यांनी स्वेटर आणि टॉर्च आणावा.