रस्त्यावर आलात की मागचा फोकस बंद करा



आज पिकाचं काही नाही. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे, पण हे लिहायलाच पाहिजे.

या आठवड्यात आमच्याकडं रात्रीची लाईट आहे. परवा रात्री बाराला मोटर चालू करायला मोटरसायकलवरून निघालो. कारखान्याकडं जाणारा रस्ता. समोरून ट्रॅक्टर आला. कंपनीचे दोन दिवे होतेच, वर टपाला चार पांढरे एलईडी फोकस. मी दोनदा डिप्पर मारला, त्यानं ढिम्म काही केलं नाही. तो शेजारून गेला आणि माझ्यापुढं नुसता काळोख. ब्रेक दाबला म्हणून वाचलो. पुढं उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, चाकांना चार दगड लावलेले. बाहेर आलेला ऊस हेल्मेटला टेकला तेव्हा कळलं की ट्रॉली आहे.

हिशोब करा. ताशी ४० च्या वेगानं गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. डोळे ३ सेकंद दिपले तर ३३ मीटर, म्हणजे शंभर फुटांच्या वर आपण आंधळे चाललो. तेवढ्यात ट्रॅक्टर आणि त्याच्या दोन्ही ट्रॉल्या बसतात. आणि आमच्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्यांचे डोळे उजेडातून अंधारात यायला आणखी वेळ घेतात. मोतीबिंदू धरायला लागला असेल तर समोरचा दिवा सगळीकडं पसरलेला दिसतो.

दोन वर्षांमागं आमच्या शिवेवर एक पोरगं असंच ट्रॉलीला मागून धडकून गेलं. लोक म्हणाले, पिऊन असेल. ते पोरगं माळकरी होतं. ट्रॉली उभी करणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही, कारण तो आपला होता.

आपण बोटं कुणाकडं दाखवतो? ट्रकवाल्याकडं, शहरातल्या गाडीवाल्याकडं. परवाचा ट्रॅक्टर कुणाचा होता? आपल्याच गावचा. ट्रॉली? आपल्याच भावकीतली. आणि माझंही सांगतो. गेल्या साली रात्री रोटर मारून घरी येताना मागचा फोकस चालूच ठेवला होता. एक पोरगा मागून ओरडला, "काका, मागची लाईट बंद करा, काय दिसंना." मी म्हणालो, "पुढं निघून जा की." आज त्याची लाज वाटते. तो दिवा रानात अवजार बघायला दिलाय, मागच्या माणसाचे डोळे फोडायला नाही.

सगळे म्हणतात, "आम्हाला दिसायला नको का?" दिसायला पाहिजेच. पण समोरच्याला तू आंधळा केलास, आणि तो गाडी घेऊन तुझ्याच अंगावर येतोय. यात तुझा फायदा कुठला? दुसरं म्हणणं, "तो डिप्पर देत नाही, मग मी का देऊ?" म्हणजे एकाच्या जागी दोघं आंधळे. असलं भांडण बांधावर करा, रस्त्यावर नको.

कायदाही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये दिव्याचा झोत खाली वळलेला पाहिजे, समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत, असं लिहिलंय. आधी ट्रकवाले हेडलाईटच्या वरच्या भागाला काळा रंग लावायचे, ते उगाच नव्हे.

आता करायचं काय? भिंतीसमोर पंचवीस फुटांवर ट्रॅक्टर उभा करा. आपल्या दिव्याच्या उंचीवर भिंतीला चुन्याची रेघ मारा. डिप्परचा उजेड रेघेच्या खाली पाहिजे. हे ट्रॉली भरलेली असताना बघा, कारण मागं लोड पडला की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि उजेड वर जातो. टपावरचे फोकस रानातच लावा. ट्रॉलीचा रिफ्लेक्टर उसाखाली झाकतो, म्हणून चमकणाऱ्या पट्टीची एक फळी दोरीनं उसाच्या टोकाला, अगदी बाहेर बांधा. कारखाना मोळी टाकताना दहा-वीस ट्रॉल्यांना स्टिकर लावून फोटो काढतो, त्या भरवशावर राहू नका. चिखल झाला की तो स्टिकरही गेला. रोज फडक्यानं पुसा. आणि चालवताना मोबाईल खिशात. त्याच्या उजेडानंही डोळे बिघडतात, वर लक्ष जातं ते वेगळंच.

लाईट दिवसा द्या म्हणून आपण भांडतोच, भांडलंच पाहिजे. पण ती मिळेपर्यंत आपण सगळे रात्रीचेच रस्त्यावर आहोत. तोडकऱ्यांच्या बैलगाड्या आहेत, कार्तिकीला निघालेल्या दिंड्या पहाटे कडेनं चालतात.

मी काल टपावरचे दोन फोकस काढले. मागच्या दिव्याच्या बटणाला लाल टेप लावला, म्हणजे रस्त्यावर येताना हात तिकडं जाईल. तुम्ही काय करताय ते सांगा. पटत नसेल तर भांडायला या, पण येताना डिप्परवर या.