मानधन नव्हे, हक्काचे वेतन!

आमच्या वस्तीतले पोर पहिल्यांदा पाटी धरते ते अंगणवाडीत. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पन्नास वर्षे उलटली, तरी सेविकाताई सरकारदरबारी 'मानसेवी'च! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमीरबी खटल्यात त्यांचे पद नागरी पद मानले नाही. २०२२ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने मणिबेन खटल्यात सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला.

२०२० चे शैक्षणिक धोरण बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचे आणि कमी शिकलेलीला वर्षभराचे प्रशिक्षण सांगते. प्रशिक्षण हवेच. पण आहारवाटप, लसीकरणाची हाकाटी, मोबाईलवरच्या नोंदी यांतून ताईने शिकायचे केव्हा? काम शिक्षिकेचे आणि मोबदला स्वयंसेविकेचा, हा कुठला न्याय?

सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण ही संविधानाच्या कलम ४५ नुसार राज्याची जबाबदारी आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाचे समर्थन केले होते. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी आता निवृत्त ताईंचे ग्रॅच्युइटीचे अर्ज लिहून द्यावेत, पोच घ्यावी. हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही!