पिकाचा पंचनामा झाला, मातीचा कधी?

जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला. राखेचा चिखल शेतात, नाल्यात पसरला. पाणी वाहून जातं, राख बसून राहते. कोळशाच्या वीज केंद्राजवळ, राखड वाहणाऱ्या ट्रकांच्या रस्त्यावर ज्यांची शेती आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

"राखच आहे ना, त्यात काय एवढं?" असं साहेब लोक म्हणतात. कधी आपलेही म्हणतात. कारण चुलीतली राख आपण वांग्यावर टाकतो, बियाण्याला लावतो. पण ती लाकडाची राख. लाकूड याच मातीतून वर आलं, त्याची राख मातीत परत गेली. दगडी कोळसा जमिनीच्या पोटातला. आपल्याकडचा शंभर किलो कोळसा जाळला की तीस-चाळीस किलो राख उरते, आणि त्यातलं आर्सेनिक, शिसं, क्रोमियम बरंचसं त्या राखेतच राहतं. पावसाने ते थोडं थोडं झिरपतं, विहिरीकडे जातं. वर थर धरला की पाणी नीट मुरत नाही. बोरॉन जास्त झालं की पानं कडेने करपतात. कृषीवाले म्हणतात, माती तपासून, मोजून टाकली तर काही जमिनींना राखेचा फायदा होतो. होत असेल. पण बांधीत गुडघाभर राखड घुसली तर त्याला खत म्हणायचं का?

आता पंचनामा. तलाठी येतो, पिकाचा रकाना भरतो, एका हंगामाचे पैसे लिहितो. माती कितीतरी वर्षं नासली, तिचा रकाना कुठे आहे? मातीचा नमुना दिला तरी मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, सामू, जस्त, लोह अशा १२ गोष्टी तपासतात. आर्सेनिक, शिसं त्यात नाही. म्हणजे कागदावर जमीन चांगलीच!

आणि जबरानजोतवाल्याला तर तेवढंही नाही. सातबारा नाही, दावा पडून आहे, म्हणून नुकसान नाही. राखड काही सातबारा पाहून पडत नाही, बाप्पा.

२०२१ च्या अधिसूचनेने केंद्रांना सगळी राख वापरात आणायला सांगितलं, न वापरलेल्या राखेला टनामागे १००० रुपये दंड ठेवला. म्हणून यापुढे "खड्डा फुकट बुजवून देतो" म्हणणारे ट्रक जास्त येतील. कोणी एकट्याने हो म्हणू नये. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ ने जंगल आणि पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. आधी ग्रामसभेत विषय घ्या.

पंचनाम्यावर फक्त पीक लिहिलं असेल तर अंगठा देऊ नका. राखेचा थर किती इंच, किती एकरात, विहीर किती दूर, हे लिहायला लावा. दावेदारांची नावंही त्याच कागदावर घ्यायला सांगा. जड धातूंची तपासणी केंद्राच्या खर्चाने झाली पाहिजे, नमुना मात्र ग्रामसभेसमोर घ्यायचा आणि एक पुडी सीलबंद करून गावात ठेवायची.