कपाट माझं, कपडे कुणाचे?

गेल्या रमजानमध्ये, ईदला आठ दिवस उरले असताना, माझ्या कपाटाचं दार लागेना. गुडघा लावून रेटलं तर वरच्या खणातल्या ओढण्या अंगावर आल्या. पुण्यात मी दोघींसोबत एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, माझ्या वाट्याला हे एवढंच कपाट. इशाची नमाज झाल्यावर सगळे कपडे पलंगावर ओतले आणि मोजले. ९३ भरले. त्याच दुपारी मी ईदसाठी आणखी एक ड्रेस ऑनलाइन मागवला होता.

कपाट आवरायची एक पद्धत जपानच्या मारी कोंडो यांच्यामुळे जगभर पोहोचली. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, ती आपल्याला आनंद देते का हे विचारायचं, देत नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. मीही सुरुवात तशीच केली. पण पाच-सहा कपड्यांतच लक्षात आलं की माझा प्रश्न वेगळा आहे. यातले बरेच कपडे मी आनंदासाठी घेतलेच नव्हते.

एका साध्या, फिक्या कुर्त्याच्या खिशात टिकल्यांचं पाकीट सापडलं. चार वर्षांपूर्वी खोली शोधत होते तेव्हाचं. फोनवर सगळं ठरायचं आणि आडनाव सांगितलं की ‘आत्ताच दुसऱ्यांना दिली’ असं उत्तर यायचं. एका मैत्रिणीनं सुचवलं, ‘आधी जाऊन भेट, टिकली लाव, बोलणं तर होऊ दे.’ मी लावली. बोलणं छान झालं, चहाही झाला. मग आधार कार्ड दिलं आणि घरमालकांचा चेहरा बदलला. खोली गेलीच. वर जिन्यात उभं राहून रुमालानं कपाळ पुसताना जे वाटलं, ते अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही.

त्या कुर्त्यापासून मी ढीगच वेगळे करायला घेतले. पहिला ढीग, ‘मी तशी नाही’ हे दाखवायला घेतलेले कपडे. मुलाखतीचे, खोली बघायला जायचे, ऑफिसच्या सणाचे. दुसरा ढीग, ‘मी तशीच आहे’ हे दाखवायला घेतलेले. त्यात चुलतभावानं दुबईहून आणलेला खड्यांचा काळा अबाया होता. तो मी फक्त लग्नांत घातला, कारण फूफी चारचौघांत म्हणायची, ‘पुण्याला गेली आणि बदलली.’ तिसरा ढीग, कुणालाच काही दाखवायचं नसताना घातलेले. पहिल्या ढिगात ३४, दुसऱ्यात २८, तिसऱ्यात जेमतेम १४. उरलेले नुसतेच सेलमध्ये स्वस्त मिळाले म्हणून आलेले.

दोन्ही ढिगांमागची भीती सारखी नाही, हे आधी सांगते. एकीकडे डोक्यावरचं छप्पर जाण्याची भीती, दुसरीकडे आपल्याच माणसांच्या मनातून उतरण्याची. पहिली मी निर्माण केलेली नाही. २०१९ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनीच झारखंडच्या सभेत सांगितलं होतं की आग लावणारे कोण आहेत ते त्यांच्या कपड्यांवरून ओळखता येतं. २०२२ मध्ये कर्नाटकात हिजाब घातला म्हणून मुली कॉलेजच्या फाटकाबाहेर राहिल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. मुलींचं वर्ष मात्र थांबलं नाही. माझा भाऊ शुक्रवारी टोपी खिशात घालून लोकलमध्ये चढतो आणि मशिदीच्या दारात डोक्यावर ठेवतो. त्याला कुणी शिकवलं नाही.

पण म्हणून दुसऱ्या भीतीला आपण सूट द्यायची का? बाहेरचे कपड्यांवरून संशय घेतात तेव्हा आपण रागावतो, आणि मोहल्ल्यात आपणच कपड्यांवरून ईमान मोजतो. माझी धाकटी बहीण अकरावीपासून हिजाब घालते. तो तिचा स्वतःचा निर्णय आहे आणि त्यासाठी ती घरातल्यांशीही भांडली आहे. मी घालत नाही. आम्ही दोघी एकाच खोलीत झोपून मोठ्या झालो. तिचा स्कार्फ तिच्या तिसऱ्या ढिगातला आहे, आणि माझा अबाया माझ्या दुसऱ्या ढिगातला होता. फरक कापडात नाही.

अस्सल पेहराव कोणता, यावर आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक टीव्हीवरच्या मालिकेतलं, दुसरं आखातातून आलेलं. त्या रात्री मला तिसरं उत्तर कपाटाच्या तळाशी मिळालं. दादीचं हिरवं इरकल, नऊवारी, लाल पदराचं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात दादी आयुष्यभर लुगडंच नेसली. शेतात पदर खोचून, नमाजेला तोच पदर डोक्यावरून घट्ट घेऊन. तिला कुणी विचारलं नाही की तू मराठी की मुसलमान. खानदेशातल्या शेतकरी बायकांची रंगीत लुगडी वर्षानुवर्षं मालेगावच्या मोमीन विणकरांच्या मागावर विणली गेली. औरंगाबादची हिमरू मुस्लिम कारागिरांनी जपली. या मातीतल्या कापडात आपला धागा आधीपासूनच आहे. तो सिद्ध करायला नवी खरेदी लागत नाही.

कुणी म्हणेल, हे भरल्या कपाटाचे चोचले आहेत. ज्या मुलीकडे तीनच जोड आहेत तिनं कसले ढीग करायचे? खरं आहे. म्हणूनच ९३ वाल्यांनी हिशेब द्यायला हवा. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज नेहमी दिला जातो. इस्राफ वाईट, हे आपण दस्तरखानावर मुलांना शिकवतो आणि चाँदरातीला बाजारात विसरतो. शिवाय जुनं देण्यातही आपण बेईमानी करतो. बटण तुटलेलं, बगलेत विरलेलं सदक्याच्या पिशवीत घालतो. मी एक नियम केला. जे मी स्वतः उद्या घालून बाहेर जाईन तेच द्यायचं, धुऊन, इस्त्री करून. बाकीचं बोहारणीला. अबाया चुलतबहिणीला दिला, तिला तो मनापासून आवडायचा. दोन स्टीलचे डबेही घरात आले.

पहिल्या ढिगातला तो फिका कुर्ता मात्र ठेवलाय. मला अजून रात्री उशिरा एकटीनं प्रवास करावा लागतो आणि मी तेवढी धीट नाही. पण आता तो घालताना मला माहीत असतं की मी का घालतेय. टिकल्यांचं पाकीट फेकलं. मैत्रिणीच्या हळदीकुंकवाला आवडीनं लावायची असेल तेव्हा तिच्याचकडची लावेन.

दादी जाऊन सहा वर्षं झाली. शेवटच्या ईदला माझी बॅग बघून ती म्हणाली होती, “इत्ते कपडे कायकू गे? कपडा आंग ढकने कू हय, लोगां का मूं बंद करने कू नै.” तेव्हा मी हसले होते.

ईदच्या आधी ऑनलाइन मागवलेला ड्रेस परत केला. नऊवारीत कापड भरपूर असतं. शिंप्याकडे नेलं तेव्हा कात्री लागताना बघवलं नाही, पण त्यातून माझा कुर्ता झाला आणि पदराच्या बाजूनं बहिणीचा स्कार्फ. ईदच्या सकाळी आम्ही दोघी तसंच तयार झालो. फूफीनं दोघींकडे बघितलं, स्कार्फचं टोक हातात धरलं आणि म्हणाली, “ये तो अम्मा का लुगडा हय.” कुणाच्या डोक्यावर काय आहे आणि काय नाही, त्या दिवशी ती काही बोलली नाही.

या ईदला नवीन घेण्याआधी एक रात्र तुम्हीही ढीग लावून बघा. तिसरा ढीग किती निघाला ते स्वतःला सांगा.