खजिन्याची किल्ली आणि गणवेशाचे नियम : अमेरिकेतील दीडशे वर्षांचा एक वाद

१/
१८७७ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या सैनिकांना वेतन मिळत नव्हते. खजिन्यात पैसा होता. तो खर्च करण्याची संसदेची परवानगी नव्हती. दक्षिणेकडील राज्यांच्या राजकारणात सैन्याचा वापर थांबवावा, अशी डेमोक्रॅटिक प्रतिनिधिगृहाची अट होती. रिपब्लिकन सेनेटला ती अमान्य होती. विधेयक रखडले आणि जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत शिपाई बिनपगारी राहिले. त्याच जुलैत रेल्वे कामगारांचा प्रचंड संप पेटला. तो आवरायला धाडले गेले ते हेच बिनपगारी शिपाई.

२/
फेब्रुवारी २०२६ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाचा निधी असाच खंडित झाला. स्थलांतर कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या ‘आइस’ या यंत्रणेच्या अधिकाऱ्यांनी चेहरा झाकू नये, खासगी घरात शिरण्यापूर्वी न्यायाधीशाचे वॉरंट घ्यावे, अशा अटी डेमोक्रॅटिक पक्षाने पुढे केल्या होत्या. दोन्ही वेळचा प्रश्न एकच आहे. गणवेशातील माणसाने कसे वागावे, हे खजिन्याच्या किल्लीने ठरवता येते काय?

३/
‘नाक दाबले की तोंड उघडते’ या म्हणीवर दोन्ही पक्षांची श्रद्धा दिसते. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. गाजावाजा करून केलेल्या कोंडीतून नियम क्वचितच बदलले. खर्चाच्या कायद्यात शांतपणे घातलेल्या एकेका वाक्याने मात्र ते बदलले आणि पिढ्यानपिढ्या टिकले. म्हणून खरी नजर ठेवायला हवी ती त्या वाक्यांवर.

४/
भारतीय वाचकाला प्रथम एक कोडे पडते : सरकार ‘बंद’ कसे पडते? आपल्याकडे लोकसभेने अर्थसंकल्प नाकारला, तर मंत्रिमंडळालाच पायउतार व्हावे लागते. अमेरिकेत अध्यक्षाची मुदत चार वर्षांची आणि ठरलेली. संसद त्याच्या विरोधात गेली तरी तो पदावर राहतो. पण संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदानुसार कायद्याने मंजुरी दिल्याखेरीज खजिन्यातून एक डॉलरही काढता येत नाही. कोंडीची जागा हीच.

५/
या कोंडीतले जुने हत्यार म्हणजे ‘रायडर’. खर्चाचे विधेयक अडवणे कोणालाच परवडत नाही. म्हणून त्याच्या पाठीवर एखादी वेगळीच अट बसवून द्यायची. घोडा वेशीतून आत गेला की स्वारही आत जातो. एरवी स्वतंत्र कायदा म्हणून जे मंजूर झाले नसते, ते अशा रीतीने मंजूर होते.

६/
१८७८ च्या जूनमध्ये सैन्याच्या खर्चाच्या कायद्यात असेच एक कलम आले. संसदेने स्पष्ट परवानगी दिल्याखेरीज सैन्याचा वापर कायद्याच्या अंमलबजावणीसाठी करू नये, असा त्याचा आशय. हाच आजचा ‘पॉसी कॉमिटॅटस कायदा’. एका वर्षाच्या जमाखर्चात आलेले हे वाक्य आज जवळजवळ दीडशे वर्षे जिवंत आहे.

७/
त्याच्या पुढच्याच वर्षी उघड लढाई झाली. १८७९ मध्ये दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटिक पक्षाच्या हाती आली. निवडणुकांवर देखरेख करणाऱ्या संघराज्याच्या मार्शलांचे अधिकार काढून घेण्याच्या अटी त्यांनी खर्चाच्या विधेयकांना जोडल्या. रिपब्लिकन अध्यक्ष रदरफोर्ड हेज यांनी २९ एप्रिलला पहिला नकाराधिकार वापरला आणि त्यानंतर एकामागून एक वापरले. मार्शलांच्या वेतनाची तरतूद अडकली. पण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, ते निवडणूक कायदे पुस्तकात जसेच्या तसे राहिले.

८/
ते कायदे रद्द झाले १८९४ मध्ये. तोवर अध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटिक पक्षाकडे होती, आणि त्यांनी ते साध्या, स्वतंत्र कायद्याने रद्द केले. पंधरा वर्षांपूर्वीच्या कोंडीने जे साधले नाही, ते बहुमताने साधले.

९/
या कथेची काळी बाजू विसरता येणार नाही. सैन्य आणि मार्शल हटवण्यामागे ‘स्वातंत्र्या’ची भाषा होती, पण त्यांच्या रक्षणावर विसंबून होते ते दक्षिणेतील कृष्णवर्णीय मतदार. संरक्षण गेले आणि त्यांचा मताधिकार पिढ्यानपिढ्या कागदावरच राहिला. तो पुन्हा खऱ्या अर्थाने मिळायला १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला. अंमलबजावणीवरील लगाम हा नेहमीच दुर्बलांच्या बाजूचा असतो, असे समजणे म्हणूनच भाबडेपणाचे आहे.

१०/
आता स्थलांतराकडे वळू. २६ मे १९२४ रोजी अमेरिकेने राष्ट्रनिहाय कोटा ठरवणारा कठोर स्थलांतर कायदा केला. अवघ्या दोन दिवसांनी श्रम विभागाच्या खर्चाच्या कायद्यात सीमेवरील गस्तीसाठी दहा लाख डॉलरची तरतूद झाली. ‘बॉर्डर पेट्रोल’ हे दल जन्मले ते या तरतुदीतून. त्याच्या स्थापनेसाठी स्वतंत्र कायदा करण्याची गरजही कोणाला भासली नाही.

११/
पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९२५ च्या खर्चाच्या कायद्यात आणखी एक वाक्य आले. आपल्या डोळ्यांदेखत बेकायदा प्रवेश करणाऱ्या परदेशी व्यक्तीला वॉरंटाशिवाय अटक करण्याचा अधिकार त्याने स्थलांतर कर्मचाऱ्यांना दिला. १९५२ च्या मूलभूत स्थलांतर कायद्यात हा अधिकार विस्तारून स्थिरावला. आज ज्या वॉरंटावरून एवढा वाद पेटला आहे, त्याची एक मुळी शंभर वर्षांपूर्वीच्या जमाखर्चात रुतलेली आहे.

१२/
तिसरे उदाहरण अगदी अलीकडचे. २००९ साली वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅटिक सेनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या पुढाकाराने गृहसुरक्षा विभागाच्या खर्चाच्या कायद्यात एक आकडा आला : स्थानबद्धता केंद्रांत किमान ३३,४०० खाटा राखाव्यात. पुढे तो ३४,००० झाला. २०१७ मध्ये ही अट गळून पडेपर्यंत ती रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक अशा दोन्ही पक्षांच्या सत्ताकाळात टिकली. किती माणसांना कोठडीत ठेवायचे, या प्रश्नाला खाटांच्या हिशेबाचे रूप आले आणि त्यावर फारशी सार्वजनिक चर्चा झालीच नाही.

१३/
याउलट गाजलेल्या कोंड्या पाहाव्यात. नोव्हेंबर २०१४ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी सुमारे चाळीस लाख स्थलांतरितांना हद्दपारीपासून तात्पुरता दिलासा देण्याची योजना जाहीर केली. ती रोखण्यासाठी रिपब्लिकन पक्षाने गृहसुरक्षा विभागाचा निधी अडवून धरला. ३ मार्च २०१५ रोजी प्रतिनिधिगृहाने कोणतीही अट न घालता तो मंजूर केला. योजना थांबली, पण न्यायालयाच्या आदेशाने. नाक दाबणाऱ्यांचा हात रिकामाच राहिला.

१४/
येथे एक टप्पा ध्यानात घ्यायला हवा. १९८० पूर्वी निधीत खंड पडला तरी बहुतेक कार्यालये चालूच राहत. त्या वर्षी महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेट्टी यांनी जुन्या कायद्याचा कठोर अर्थ लावला : मंजुरी नसेल, तर काम थांबलेच पाहिजे. पुढे जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणाचे काम अपवाद ठरले. म्हणजे आजचे ‘शटडाऊन’ संविधानकर्त्यांनी रचलेले नाही. एका कायदेशीर अभिप्रायातून ते उभे राहिले.

१५/
या शटडाऊनचा सर्वांत बोलका दाखला २०१८-१९ चा. मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीसाठी अध्यक्ष ट्रम्प यांना ५.७ अब्ज डॉलर हवे होते. २२ डिसेंबर ते २५ जानेवारी असे ३५ दिवस सरकारचा मोठा भाग ठप्प राहिला. सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांचे वेतन थकले. सुक्याबरोबर ओलेही जळते, त्याप्रमाणे वादाशी काडीचाही संबंध नसलेले तटरक्षक दलाचे जवान आणि विमानतळावरील तपासनीस बिनपगारी राबले.

१६/
त्यातला विरोधाभास तर ऐकण्याजोगा आहे. बेकायदा स्थलांतर रोखण्याच्या नावाने केलेल्या त्या कोंडीत, नोकरीवर घेतलेल्या माणसाला कामाचा परवाना आहे की नाही हे तपासणारी ‘ई-व्हेरिफाय’ यंत्रणाच बंद पडली. स्थलांतर न्यायालयांतील हजारो सुनावण्या लांबल्या. शेवटी भिंतीसाठी मिळाले १.३७५ अब्ज डॉलर. उरलेल्यासाठी अध्यक्षांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून इतर निधी वळवला आणि वाद न्यायालयात गेला.

१७/
आणि मग जुलै २०२५. ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीतील मोठ्या अर्थविषयक कायद्याने ‘आइस’ला सुमारे ७५ अब्ज डॉलर दिले, त्यांपैकी ४५ अब्ज स्थानबद्धतेसाठी. या यंत्रणेचा तोवरचा वार्षिक खर्च साधारण १० अब्ज डॉलरचा होता. सेनेटमध्ये साध्या बहुमताने पुरे होणारी विशेष पद्धत वापरली गेली. ५०-५० अशी बरोबरी उपाध्यक्षांच्या मताने सुटली. हा पैसा सप्टेंबर २०२९ पर्यंत खर्च करता येतो. परिणामी वार्षिक निधी अडला, तरी जिच्यावर लगाम घालायचा ती यंत्रणाच सर्वांत कमी अडते.

१८/
हा बदल साधा नाही. अमेरिकेच्या संविधानकर्त्यांनी सैन्याच्या खर्चाला एकदम दोन वर्षांहून अधिक काळाची मंजुरी देण्यास मनाई केली. राजाच्या उभ्या फौजेची धास्ती त्यांच्या मनात ताजी होती. शस्त्रधाऱ्यांनी लोकप्रतिनिधींपुढे वारंवार हिशेब द्यावा, ही त्यामागची दृष्टी. ‘आइस’ म्हणजे सैन्य नव्हे, म्हणून तो नियम तिला लागू नाही. पण देशाच्या रस्त्यांवर हिंडणाऱ्या सशस्त्र यंत्रणेला चार वर्षांची शिदोरी एकदम बांधून देणे, हे त्या शहाणपणाच्या विरोधातच जाते.

१९/
१८७८ चे ते वाक्यही पुन्हा बोलू लागले. जून २०२५ मध्ये स्थलांतरविरोधी कारवायांवरून निदर्शने झाली, तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये नॅशनल गार्ड आणि मरीन सैनिक धाडले गेले. सप्टेंबरमध्ये एका संघीय न्यायाधीशांनी या तैनातीत ‘पॉसी कॉमिटॅटस’चा भंग झाल्याचा निकाल दिला, सरकारने त्याविरुद्ध अपील केले. कृष्णवर्णीयांचे संरक्षण काढून घेण्यात ज्या कलमाचा हातभार लागला, तेच आता सैन्याला रोखण्यासाठी पुढे आले. वाक्य लिहिणारे मरतात. वाक्य उरते, आणि कोणाच्या कामी येईल याचा नेम नसतो.

२०/
महाराष्ट्राशी याचा संबंध काय? ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले. त्यांत तिघे महाराष्ट्रातील होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरोग्य विम्याच्या अनुदानावरून सरकार ठप्प झाले, तेव्हा एच-१बी व्हिसासाठी लागणारी श्रम विभागाची प्रमाणपत्रे काही आठवडे रखडली. बेड्या घालून परतलेला मजूर आणि पुण्यात कागदांची वाट पाहणारा अभियंता, दोघांचेही भवितव्य वॉशिंग्टनमधल्या जमाखर्चाला बांधलेले होते.

२१/
एक आक्षेप रास्त आहे. अल्पमतातील पक्षाच्या हाती दुसरे असते तरी काय? स्वतंत्र विधेयक चर्चेलाही येत नाही. खजिन्याची किल्ली तेवढी उरते. हे खरे आहे, आणि ती किल्ली वापरण्याचा संसदेचा अधिकार निर्विवाद आहे. मुखवटा आणि वॉरंट यांविषयीच्या मागण्याही लोकशाहीत अगदी साध्या म्हणाव्यात अशा आहेत. पण कोंडीतून मिळालेला नियम त्या वर्षाच्या खर्चापुरताच मिळाला, तर पुढच्या वर्षी तो गुपचूप गाळलाही जाऊ शकतो. खाटांची अट तशीच आली आणि तशीच गेली.

२२/
म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे हेच इष्ट. सशस्त्र यंत्रणेचा पैसा दरवर्षी संसदेपुढे यावा, म्हणजे तिला हिशेब चुकणार नाही. तिने दार कसे ठोठवावे, कोणाला केव्हा अटक करावी, हे मात्र उघड चर्चेने, नाव घेऊन, कायम कायद्यात लिहिले जावे. १८७९ ची कोंडी हरली आणि १८९४ चा साधा कायदा टिकला. त्याचा हेतू अन्यायाचा होता, तरी टिकण्याची रीत तीच. न्याय्य नियमांनाही त्याच वाटेने यावे लागेल.

२३/
सरकार बंद पडल्याची बातमी पुन्हा कधी आली, तर वाचकांनी दिवस जरूर मोजावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ते उघडल्यावर मंजूर झालेला खर्चाचा कायदा वाचावा. त्याच्या शेकडो पानांत कुठेतरी एखादे वाक्य असेल, आणि दारावर थाप पडेल तेव्हा ज्याचे दार वाजेल त्याच्यासाठी तेच कायदा असेल.